सव्वासहाचा दिवा

इव्रेआच्या वरची वस्ती, १५ जानेवारी

प्रिय चेलेस्तीना,

दिवा चालला. आता त्याचा खरा खर्च ऐक. दिव्याला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड सत्तावीस युरोला पडला. नाताळात तुझ्या शेगडीखाली बसवून आलो ती डबी आणि तिचं ऐकणारी माझ्याकडची डबी, दोन्ही मिळून एकतीस. हे झाले दुकानदाराचे. त्याशिवाय डाव्या हाताची दोन बोटं भाजली. नोव्हेंबरपासूनचे अकरा मंगळवार गेले. एर्नेस्ताचा शिवणाचा दिवा मोडून वापरला. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तोवर मी तो जागचा हलवला नव्हता. आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी एका बाईकडून चारचौघांत ऐकून घेतलं, "डेल्फिनो, ओळीच्या शेवटी अर्धविराम कोण देणार, माझा नवरा?"

ही बाई म्हणजे रोझाल्बा. जन्मभर टाइपरायटरच्या कारखान्यात तपासणीला होती. आता त्याच कारखान्याच्या जुन्या खानावळीत दर मंगळवारी आमच्यासारख्या रिकाम्या लोकांना बोर्डासाठी ओळी लिहायला शिकवते, एक अर्धविराम चुकला तरी तो अडतो. हा बोर्ड आपल्याच गावात जन्मला म्हणतात. मला त्याची ओळख व्हायला वीस वर्षं लागली.

काम सोपं आहे. तू सकाळी कॉफीची किटली गॅसवर ठेवलीस की तुझ्या डबीला ऊब लागते. ती निरोप धाडते. माझ्याकडची डबी तो घेते आणि पिवळ्या तारेतून बोर्डाला 'हो' म्हणते. बोर्ड अर्धा तास दिवा पेटता ठेवतो. मी इथे बसून म्हणतो, चला, बहीण उठली.

आता आपला करार. सकाळी नऊपर्यंत दिवा लागला नाही, तर मी कुणाला काही विचारत बसणार नाही. गाडीत बसेन आणि निघेन. पावणेतीन तासांत सावोनाला तुझ्या दारात. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी धुक्यातून गाडी हाकत यायची गरज उरली नाही. माझे डोळे काही पूर्वीचे नाहीत. कान मात्र अजून असे आहेत की भिंतीतली तार गुणगुणली तर ऐकू येते.

रोझाल्बाशी एकदा वाजलं. ती म्हणे, पिवळ्या तारेला एक रेझिस्टर लाव आणि ग्राउंडला बांधून ठेव, म्हणजे तार कधी निसटली तर बोर्ड भलतंसलतं ऐकणार नाही. मी म्हटलं, बाई, जी तार कशालाच जोडलेली नाही ती मेलेली. चाळीस वर्षं वीज हेच सांगत आली मला. आणि माझी तार निसटत नसते. बाप वारला तेव्हा माझ्याकडे एक पक्कड होती. तेवढ्यावर या खोऱ्यात चारशे घरांची वायरिंग केली आणि एकाही घरात मोकळं टोक सोडलं नाही. ती हसली. म्हणाली, "घरातल्या तारेला कान नसतात, डेल्फिनो. या तारेला असतात." रेझिस्टर पाकिटात घालून दिला तिने. खिळ्यांच्या डब्यात टाकलाय.

तुझा भाऊ
डेल्फिनो


सावोना, २३ जानेवारी

डेल्फिनो,

पत्र पोचलं. दिव्याचं अभिनंदन. म्हणजे आता तुला मी दिसते. मला कोण दिसतं? शेगडीखाली एक डबी दिसते आणि तिच्यावर हिरवा ठिपका. खालच्या मजल्यावरची मिरेल्ला आपलं इंटरनेट तिला फुकट पाजतेय आणि रोज विचारतेय, "काय म्हणतो तुमचा भाऊ?" मी सांगते, भाऊ काही म्हणत नाही, भाऊ फक्त बघतो.

तुझ्या कानांचं कौतुक मला कशाला सांगतोस? माझे बाटल्यांच्या कारखान्यातल्या अठ्ठावीस वर्षांच्या खणखणाटात गेले. फोनवर तू ओरडतोस आणि तू चिडलायस एवढंच मला कळतं. म्हणून तर आपण अजून पोस्टाची तिकिटं चाटतोय.

एक बोलून टाकते. माझा अमेदेओ गेल्यापासून महिन्याचा एकच दिवस मी टेबलावर दोन ताटं मांडत होते. ससा आणायचा, ऑलिव्ह घालून शिजवायचा, तू यायचास, मीठ कमी आहे म्हणायचास आणि झोपायचास. फार काही नव्हतं, पण होतं. फेब्रुवारीत ससा आणत नाही आता. एकटीला ससा फार होतो.

करार मान्य. तुझं पत्र पिठाच्या डब्यात जपून ठेवलंय, नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' चालायचं नाही. म्हणजे तुला बोलवायचं तर एक दिवस कॉफी प्यायची नाही, एवढंच ना? मनात आलं होतं. पण तसं फसवून बोलावलेल्या भावाला वाढायचं काय.

चेलेस्तीना


सावोना, हॉस्पिटल, ११ फेब्रुवारी
(हे पत्र टाकलं नाही)

डेल्फिनो,

तू वाटेत असशील, तरी वेळ जावा म्हणून लिहितेय. गुरुवारी सकाळी सहाला कॉफी झाली, सातला कचऱ्याची पिशवी घेऊन उतरले आणि शेवटच्या तीन पायऱ्या बसूनच उतरले. खुब्याचं हाड मोडलं. मिरेल्लाने अँब्युलन्स बोलावली, गॅस बंद केला आणि मेन स्विच पाडला. घर सोडताना मेन पाडायचा हे तूच आम्हा सगळ्यांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलंयस.

ती म्हणाली, "तुमच्या भावाला फोन करते." मी म्हटलं, गरज नाही. उद्या नऊपर्यंत त्याचा दिवा लागणार नाही. बारापर्यंत तो इथे असेल. बघ तू.

काल ऑपरेशन झालं. आत नेताना कागदावर लिहायला विचारलं, जवळचं कोण? तुझं नाव सांगितलं. नर्सने माझ्या डोळ्यांसमोर ओठ हलवून विचारलं, "आलेत का?" मी म्हटलं, येतोय, रस्त्यात आहे.

शुद्धीवर आले तेव्हा खिडकीत अंधार होता. आज शनिवार, दुपारचे चार वाजले. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे सगळे मिळून सात जण आले. मी दाराकडे बघायचं सोडलंय, पण मान आपोआप वळते.


इव्रेआच्या वरची वस्ती, १२ फेब्रुवारी

प्रिय चेलेस्तीना,

चौकात संत्र्यांच्या पेट्या चढायला लागल्या आहेत. आठवडाभराने कार्निव्हल, म्हणजे संत्र्यांची फेकाफेक. यंदाही कुणाचा तरी डोळा काळानिळा होणार, पण माझा नाही. मी वरच्या गॅलरीतून बघणार.

बुधवारी संध्याकाळी एक चांगलं काम केलं. दिवा बोर्ड आणि डबीसकट कामाच्या टेबलावरून उचलून स्वयंपाकघरात आणला, फ्रिजशेजारच्या लोखंडी फळीवर, कॉफीच्या डब्याला लागून. आणि काय सांगू, तिथे तो जास्तच चांगला चालतोय. सकाळी मी डब्याकडे हात नेला की दिवा लागतो. अगदी त्याच क्षणाला. शुक्रवारी सव्वासहा, काल सव्वासहा, आजही सव्वासहा. तू तिकडे किटली ठेवतेस आणि मी इकडे डबा उघडतो. एका आईची लेकरं, दुसरं काय. पूर्वी तू कधी पावणेसहाला उठायचीस, कधी साडेसहाला. आता माझ्या वेळेवर आलीस.

शुक्रवारी दुपारी चारलाही लागला. कोण आलं होतं? सांग की.

हसू नकोस, पण मी हल्ली दोन कप काढतो. दुसरा रिकामाच असतो, फक्त समोर ठेवतो. एर्नेस्ता गेल्यावर किटलीची ती सुरसुर मला नकोशी झाली होती. सहा वर्षं मी तिला पाठ करून उभा राहायचो. आता दिव्याकडे बघतो, काय गं, झोप लागली का, असं विचारतो आणि पितो. दिवस बरा सुरू होतो.

त्यामुळे मार्चच्या पहिल्या रविवारीही येत नाही. रोज सकाळी भेटतोच आहोत, मग पेट्रोल कशाला जाळायचं?

डेल्फिनो


सावोना, २१ फेब्रुवारी

डेल्फिनो,

पेन्सिलीने लिहितेय, चालवून घे. तुझं पत्र तीनदा वाचलं.

एवढंच विचारते. तू सगळ्याची वही ठेवतोस हे मला माहीत आहे. शुक्रवार दहा तारखेपासून काल सोमवारपर्यंत दिवा किती वाजता लागला, दिवसवार लिहून पाठव. गाळू नकोस. आणि एकाही दिवशी लागला नसेल तर तसंच लिही. मी रागावणार नाही.

इथली कॉफी पाणचट आहे.

चेलेस्तीना


इव्रेआच्या वरची वस्ती, २६ फेब्रुवारी

प्रिय चेलेस्तीना,

तू माझी परीक्षा घेतेस हे मला कळलं. घे. वही समोर आहे.

शुक्रवार दहा, सहा पंधरा आणि दुपारी चार. शनिवार अकरा, सहा पंधरा. रविवार बारा, सहा चौदा आणि दुपारी एकच्या सुमाराला, मी पास्ता गाळत होतो तेव्हा. सोमवार ते बुधवार, सहा पंधरा. गुरुवारी तर तीनदा. कॉफी जरा कमी कर, तुझं रक्तदाब मोजायचं यंत्र काय नुसतं शोभेला आहे? त्यापुढे वीस तारखेपर्यंत, एक दिवस सोडून, रोज सव्वासहा, एक-दोन मिनिटं इकडेतिकडे. एकही दिवस चुकला नाही. ज्या दिवशी मला ताप होता आणि आठला उठलो, त्या दिवशी तूही आठलाच उठलीस. वाचून अंगावर काटा येईल, पण असं आहे.

माणूस खोटं बोलेल, घड्याळ खोटं बोलेल. हा दिवा बोलणार नाही. मी बांधलाय तो.

मंगळवारी रोझाल्बाला ही वही दाखवली. तिने भुवया उंचावल्या. "रोज तुझ्याच वेळेला? तुझी बहीण आहे की तुझी सावली?" म्हणे. लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

पेन्सिल कशाला? पेन संपलं असेल तर मिरेल्लाकडून माग. आणि कॉफी पाणचट होत असेल तर किटलीतलं रबर बदल, पाच वर्षांत बदललेलं नाहीस.

डेल्फिनो


सावोना, ४ मार्च

डेल्फिनो,

सोबत एक जुनं पत्र घातलंय. ते आधी वाच.

वाचलंस? मग पुढे ऐक. नऊ फेब्रुवारीपासून मी माझ्या घरी नाही. अकरा दिवस हॉस्पिटलात होते, आता डोंगरातल्या एका घरात आहे, तिथे म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवतात. दोन दांड्या धरून सात पावलं होतात. कॉफी एक यंत्र देतं, नाणं टाकलं की. तुझी पत्रं मिरेल्ला आणून देते.

तुझ्या वहीतली यादी वाचून मी तिला माझ्या घरी पाठवलं. म्हटलं, कोणी चोर शिरून रोज सव्वासहाला कॉफी करत असेल तर निदान किटली तरी धुतो का ते बघ. ती जाऊन आली. मेन पडलेला आहे. डबीवरचा हिरवा ठिपका विझलाय. किटली गुरुवारी मी पालथी घातली तशीच पालथी आहे.

मी तुला रागावणार नाही म्हटलं होतं. आता रागावतेय. दिवा लागला नाही, तुझ्या लक्षात आलं आणि तुला यायचं नव्हतं. धुकं होतं, कार्निव्हल होता, डोळे होते. मला ते समजलं असतं. पण त्यावर तू मिनिटांसकट खोटं लिहिलंस, चौदा आणि पंधरा, म्हणजे मला खरं वाटावं. पास्ता गाळतानाचा दिवा. तापातला दिवा. दुसरा कप. दुसऱ्या कपाचं वाचून मी इथे सगळ्यांदेखत रडले होते, डेल्फिनो, आणि तेव्हाच मला माहीत होतं की खोटं आहे.

ज्यांना भाऊ नाही त्या बायका इथे बऱ्या आहेत. त्या दाराकडे बघत नाहीत.

चेलेस्तीना


इव्रेआच्या वरची वस्ती, ९ मार्च

चेलेस्तीना,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मी ते तुझ्या हातात देणार आहे आणि तू वाचेपर्यंत समोर उभा राहणार आहे. तुला ऐकू येत नाही आणि मला हे तोंडाने सांगता येणार नाही, त्यामुळे दोघांची सोय.

तुझं पत्र काल सकाळी आलं. जुनं आधी वाचलं, मग नवीन. वाचताना दिवा लागलेला होता. मी कॉफीचा डबा उघडला होता ना. मी त्या दिव्याकडे बघितलं आणि तुझ्या पत्राकडे बघितलं, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं तूच खोटं बोलतेयस. मग मिरेल्लाला फोन लावला. ती म्हणाली, "तुम्ही जिवंत आहात होय?" आणि ठेवून दिला.

रोझाल्बाला बोलावलं. ती घरातल्या चपलांवर गाडी चालवत आली. कोट काढला नाही, बसली नाही. दिवा विझेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "डेल्फिनो, डब्याकडे हात ने."

नेला. दिवा लागला.

"कॉफी करायचीय म्हणून नव्हे. नुसता ने."

तिने बोर्डाचं बटण दाबून दिवा विझवला. पुन्हा नेला. लागला. पुन्हा विझवला, पुन्हा लागला. मग ती म्हणाली, "आता मागे सरक आणि फ्रिजचं दार उघड." उघडलं, फ्रिज घुरघुरला, दिवा लागला. शुक्रवारचे दुपारचे चार ते. मी तेव्हा दूध काढलं होतं.

"कोण लावतंय दिवा, सांग," ती म्हणाली. हळूच म्हणाली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

फळीच्या मागे हात घालून तिने पिवळी तार बोटावर घेतली. बोर्डाकडचं टोक घट्ट होतं. डबीकडचं लोंबत होतं. दिवा उचलून आणला त्या बुधवारी ते ओढलं गेलं असणार. भिंतीतली अशी तार मेलेली असते, ती माझी शपथेवरची गोष्ट. पण ही तार मेली नव्हती. ती हवेतली वीज ऐकत होती, फ्रिजची, दिव्याच्या वायरीची, माझ्या हाताची, आणि जे ऐकेल त्याला 'हो' म्हणत होती. घरातल्या तारेला कान नसतात म्हणाली होती ना ती. मी हसलो नव्हतो तरी मनात हसलो होतो.

म्हणजे महिनाभर मी रोज सकाळी ज्याला विचारत होतो, काय गं, झोप लागली का, तो माझाच हात होता. मी उठलो की तू उठत होतीस. मला ताप आला की तू उशिरा उठत होतीस. आणि मी ते वहीत लिहून तुलाच पाठवत होतो. रोझाल्बाने टेबलावरचा दुसरा कप बघितला. जाताना तो तिने धुऊन उपडा ठेवला.

तू हॉस्पिटलात दाराकडे बघत होतीस तेव्हा मी इथे दिव्याकडे बघत होतो. तू मला खोटारडा म्हणालीस. तो मी नाही. पण त्याहून वाईट एक गोष्ट उरते: मला यायचं नव्हतं म्हणून मी दिवा बांधला. धुकं-बिकं काही नाही. तुझ्याकडून परत निघालं की रात्री इथल्या रिकाम्या घराचं कुलूप उघडताना जे होतं ते मला महिन्यातून एकदाही सोसत नव्हतं. न गेलं तर परतावंही लागत नाही, असा माझा हिशोब. तुझी दोन ताटं मला कळली नव्हती. मी फक्त मिठाचं बोललो.

कपडे भरले आहेत. परत यायचा दिवस ठरवलेला नाही. सात पावलांची आठ होईपर्यंत तरी तुझ्या घरी राहीन आणि रोज डोंगर चढून येईन. मेन मीच वर करीन. ससा विकत कुठे मिळतो ते मिरेल्लाला विचारीन, ती सांगेल तर. दिवा आणत नाहीये. वहीसुद्धा नाही.

रोझाल्बाचा रेझिस्टर खिळ्यांच्या डब्यात सापडला, अजून पाकिटातच होता. निघण्याआधी चष्मा लावून सगळी जोडणी मी पुन्हा तपासली. चारशे घरं केली मी. पण एका बहिणीसाठी बांधलेल्या एका दिव्यात एकच पिवळी तार होती आणि तिचं टोक मोकळं होतं.

डेल्फिनो